वरचं पाणी

आये, तुझा राग मला अजून येतो. तुला मातीत ठेवून किती वर्षं झाली, तुझ्या क्रुसाला किती वेळा चुना लावून झाला, माझं स्वतःचं डोकं पांढरं झालं, तरी येतो. परवा दुपारी मेथी निवडत बसले होते. मांडीवर वाचनालयानं रद्दीत काढलेलं एक जुनं मासिक, पानं उडू नयेत म्हणून त्यावर वाटी. त्यात लिहिलं होतं की समुद्र बदलतोय का हे बघायचं असेल तर आधी त्याचा अगदी वरचा थर बघावा. ऊन आधी तिथं पडतं, तेल तिथं पसरतं, हवा आणि पाणी यांची देवघेव तिथंच चालते. ते वाचलं आणि मी मेथीची जुडी परातीत आपटली आणि मोठ्यानं म्हणाले, "बघ! सांगत होते ना!" घरात कोणी नव्हतं. समोरच्या इमारतीतली बाई खिडकीतून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला हात केला, ती आत गेली. आता तिला काय सांगू, की आईशी भांडतेय?

भांडण जुनं आहे आणि तू ते अर्धवट टाकून गेलीस. तुझी ती सवयच होती. बोलणं नको झालं की पदर खोचायचा आणि वाळत टाकलेले बोंबील उलटे करायला निघून जायचं. शेवटी तर कायमचीच उठून गेलीस. म्हणून आज लिहायला बसलेय. लिहिताना तरी तुला मधेच उठता येणार नाही.

माझ्या वाचण्यावर तुझा विश्वास कधीच नव्हता. शाळा सुटली आणि टोपली डोक्यावर आली तेव्हा मला धड जोडाक्षरं येत नव्हती. लग्नानंतर ह्यांनी शिकवलं, रोजचा पेपर पुढे ठेवून, आधी मथळे, मग बारीक अक्षर. हे गेल्यावर दुपारी घर खायला उठायचं, तेव्हा मी रद्दीवाल्याकडून मासिकं आणायला लागले आणि जे हाताला लागेल ते वाचायला लागले. तू आलीस की म्हणायचीस, "पुस्तकात मुंडी घालून बसलीस तर चुलीवरचा करपंल." एकदा खरंच करपलं. ते तू मरेपर्यंत विसरली नाहीस. बाकी किती वेळा नाही करपलं, ते तुझ्या लक्षात नाही.

आम्ही मुंबईची खोली सोडून मीरा रोडला सिल्व्हर पार्कला राहायला आलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ह्यांना स्वतःचं दार हवं होतं आणि मला तू जवळ हवी होतीस. भाईंदरहून बस धरली की तुझं उत्तन. तूही यायचीस, टोपलीत सुके बोंबील घेऊन, आणि तुझ्या आधी तुझा वास जिना चढून वर यायचा. समोरची गुजराती बेन दार उघडून म्हणायची, "अरे माजी, क्या लाती हो, पूरी बिल्डिंग बास मारती है." तू तिला सांगायचीस, "बास न्हाय बेन, ताकद हाय ताकद. देऊ का दोन?" ती नाकाला पदर लावून हसायची आणि दार लावून घ्यायची.

मग तू मोरीत जाऊन बसायचीस आणि खोबरेल तेल मागायचीस. तळपायाला लाटांबरोबर वाळूत आलेलं डांबर चिकटलेलं असायचं, काळं, मऊ, घासून न निघणारं. तेल लावून लावून ते काढताना तुझं तोंड सुरू व्हायचं. "काय झालाय या दर्याचा! आधी पावसाच्या तोंडावर दोन-चार गोले यायचे. आता पाय टाकायला जागा न्हाय. आन् तो फेस बघ, साबनासारखा, फुटतच न्हाय. पान्यावर रंग फिरतात, मोराच्या पिसासारके. चांगले दिसतात. खाली काय न्हाय. बोंबील सरकला, पापलेट सरकला, आपुन तेवढे बसलोय." हे बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "सासूबाई, बातम्या झाल्या की चहा घ्या." पण ऐकायचे. तू गेल्यावर मला विचारायचे, ते रंगाचं काय म्हणाल्या गं?

तुला पाणी बघता यायचं हे मी नाकारत नाही. होडीत कधी पाय टाकला नाहीस, पण जन्म सगळा बोंबील वाळवायच्या मांडवाखाली गेला, आणि तिथून समोर दुसरं काही दिसतच नाही. पाण्यावर गुळगुळीत पट्टा उमटला की तू म्हणायचीस, साय धरलीय. कुठं पाणी बारीक उकळल्यासारखं दिसलं की खाली मासा आहे म्हणायचीस. निम्म्या वेळा चुकायचीस आणि चुकलीस की वाऱ्यावर ढकलायचीस. पण पाणी पहिल्यासारखं राहिलेलं नाही हे तू सगळ्यांच्या आधी म्हणत होतीस, आणि रोज म्हणत होतीस. हे विसरू नकोस, कारण मला चीड येते ती ह्याच्यामुळेच.

ती मुंबईची मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा हे जाऊन वर्ष होत आलं होतं. गावानं वर तक्रार केली होती की लांब पाण्यात जहाजं टाक्या धुतात, खाडीतून शहराची घाण येते, मासा नाहीसा झाला. वरून उत्तर आलं, आधी पाणी तपासू. त्यासाठी समुद्राचा अभ्यास करणाऱ्या कुठल्याशा कचेरीनं तिला पाठवलं. चष्मा, खांद्याला झोळी, पायात टाचांचे सँडल. वाळूत चार पावलं चालली आणि ते हातात घेतले. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांमध्ये एकाच दिवशी, एकाच भरतीला पाणी भरायचं होतं, आणि ती एकटी सगळीकडे कशी पोचणार? म्हणून प्रत्येक गावात एक माणूस नेमायचा, त्यानं पाणी भरून ठेवायचं, ती दुपारपर्यंत फिरून बाटल्या गोळा करणार. आपल्या गावानं तुझं नाव सुचवलं. पुरुष दर्यात, बाकीच्या बायका बाजारात, तू सदा किनाऱ्यावर.

तिनं रुंद तोंडाच्या तपकिरी काचेच्या बाटल्या दिल्या, दोरीला बांधलेला एक थर्मामीटर दिला, आणि तुला धक्क्याच्या टोकाला नेऊन शिकवलं. पालथी पडून स्वतः करून दाखवलं. बाटली आडवी, अलगद पाण्याला टेकवायची आणि वरचंच पाणी आत येऊ द्यायचं. "वरचंच हां आजी. बाटली खाली बुडवायची नाही. जे तरंगतंय ते सगळं आलं पाहिजे." तू मान हलवलीस. "समजला." आणि समजलं होतं तुला, आये. तुला समजलं नाही असं मला कोणी सांगू नये. तुला एकूण एक शब्द समजला होता.

थर्मामीटरवरून धक्क्यावरची पोरं तुला किती पिडायची. "काय गो काकी, दर्याला ताप हाय का?" तू म्हणायचीस, "दर्याला न्हाय, तुला हाय. ये, काखेत लावते." पण तुला ते काम आवडलं होतं. पाणी भरायच्या दिवशी तू धुतलेलं लुगडं नेसायचीस. बाटल्या चुलीच्या राखेनं घासून, उन्हात वाळवून ठेवायचीस. गावाचं सगळं त्या बाटल्यांवर होतं. कचेरीचा कागद आला की पाणी बिघडलंय, तर तक्रार पुढे जाणार. नाही आला, तर आम्ही कोळी लोक उगाच ओरडतो, हे कायमचं ठरणार. ते तुझ्या हातात होतं, आणि ते तुला माहीत होतं.

दोन पावसाळे गेले. मग एका सकाळी मी उत्तनला होते आणि तुला चहा घेऊन धक्क्यावर आले. भरती टेकली होती. पाण्यावर फेसाची गादी, तेलाचे रंग, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुणाची तरी एक चप्पल. तू टोकाला पालथी पडलेली. आणि माझ्या डोळ्यांसमोर तू पालथ्या हातानं पाणी डावीकडे सारतेस, उजवीकडे सारतेस, राहिलेल्या फेसाला फुंकर मारतेस, आणि मोकळ्या झालेल्या जागेत बाटली कोपरापर्यंत खाली घालतेस. वर येते ती नितळ पाण्यानं भरलेली. तू ती उन्हात धरून बघतेस, बूच लावतेस, पदरानं बाहेरून पुसतेस.

"आये, हे काय केलंस?"

"काय केला? पानी भरला."

"ती म्हणाली होती वरचं घ्यायचं."

"वरचा घान हाय."

"अगं घाणच हवीय तिला!"

तू माझ्याकडे असं बघितलंस की जसं वेड मला लागलंय. "मुंबयशी येवढ्या लांब येते पोरगी. तिच्या हातात मी घान देऊ? काय म्हनेल ती? या लोकांना बाटलीभर पानी नीट देता येत न्हाय?"

"कधीपासून असं भरतेस?"

"पयल्या दिसापासून," तू म्हणालीस, आणि आवाजात अभिमान होता. "येक काडी जाऊ देत न्हाय आत."

मी तिथंच खाली बसले. चहा सांडला, तर तू चहा सांडल्याबद्दल मला बोललीस.

तुझा हात असा का चालतो हे मला कळत नव्हतं असं नाही. गावच्या तळ्यावर मला तूच शिकवलंस. कळशीच्या बुडानं आधी वरचं पाणी हलवायचं, शेवाळ बाजूला सरलं की कळशी झटक्यात खाली. वरवरचं पाणी भरून आणणाऱ्या सुनेला सगळी आळी नावं ठेवायची. तू जन्मभर घरात तसंच पाणी आणलंस, आमच्या पोटात तसंच गेलं आणि आम्ही जगलो. हात ते करणारच. पण हाताच्या वर डोकं असतं, आये. रोज माझ्या मोरीत बसून ज्या घाणीच्या नावानं बोटं मोडायचीस, तीच घाण कुणी चार शहाणी माणसं बाटलीत मागताहेत, गावासाठी मागताहेत, आणि तू ती फुंकर मारून घालवतेस!

दुपारी ती मुलगी आली. बाटली हातात घेऊन म्हणाली, "तुमच्याकडचं पाणी किती छान असतं हो आजी." तू अशी फुललीस की जणू नातवाचं कौतुक झालं. मी तोंड उघडलं, तर तू म्हणालीस, "तू चा गाळ." ती गेल्यावर मी म्हटलं, तू सांगत नसशील तर मी सांगते. तेव्हा तू पहिल्यांदा जरा नरमलीस. "माजा काम हाय. मना सांगू दे. सभेला येतील तवा सांगते." मलाही ते पटलं. काम तुझं होतं, सांगणंही तुझंच असायला हवं होतं.

सभा रविवारी मिस्सा झाल्यावर देवळाच्या हॉलमध्ये. तू पुढच्या बाकावर, मी तुझ्या मागे. ती मुलगी आली, तिचे साहेब आले, दाराशी त्यांचा ड्रायव्हर. साहेबांनी उभं राहून सांगितलं की इतर गावांच्या पाण्यात तेल आढळलं आहे, कुठं कमी, कुठं जास्त, पण तुमच्या गावाचं पाणी सगळ्यात उत्तम आहे, अभिनंदन. अभिनंदन म्हणाले, आये! हॉलमध्ये एकच गलका उठला. "साहेब, उत्तम पान्यात मासा का न्हाय मग?" "या साहेबाला आमच्या धक्क्यावर पोहायला न्या रे!" आणि मागून कोणीतरी, "काकीनं नलाचा पानी भरला असंल!"

ते तुला लागलं. तू उठलीस. "नलाला पानी येते कवा रे तुज्या घरी? दर्याचाच भरला मी. वरची घान काढली, खालचा चांगला दिला. दर वेळेला. इचारा कोनाला पन."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग ते एकेकाला कळत गेलं, ते मला पाठीमागून मानांवरून दिसत होतं. मुलीनं तोंडावर हात ठेवला. साहेबांनी चष्मा काढला आणि तिलाच विचारलं, "म्हणजे ह्या गावाचे सगळे नमुने...?" कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. त्या मुलीची मात्र मला कमाल वाटते. ती तुझ्यासमोर येऊन खाली बसली, वही काढली आणि हळू आवाजात म्हणाली, "असू दे आजी. मग वर काय असायचं, ते सांगा. जसं आठवेल तसं. मी लिहून घेते."

मी मागून तुझ्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, आता. आता ते डांबर, ते रंग, तो फेस, सगळं, जसं माझ्या मोरीत सांगतेस तसं. तू त्या मुलीकडे बघितलंस, साहेबांकडे बघितलंस, दारातल्या ड्रायव्हरकडे बघितलंस. तिघं परके. मग म्हणालीस, "काय न्हाय. जरासा फेस. पावसात येतोच."

तुझ्या अंगावर सगळा हॉल ओरडत होता आणि तू मांडीवर हात ठेवून बसून होतीस. साहेब म्हणाले की तक्रारीला ह्या गावापुरता तरी आधार दिसत नाही. कागद गोळा केले. फादरनी त्यांना चहासाठी थांबवलं तर तेही थांबले नाहीत.

परत येताना मी किनाऱ्यावरून तुझ्या पुढे पुढे चालत होते, तुझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून. बोंबलांच्या मांडवापाशी मला राहवलं नाही. मागे वळून म्हटलं, "रोज मला ऐकवतेस ते काय खोटं होतं?"

"खरा हाय."

"मग तिथं का नाही बोललीस?"

"घरची गोष्ट हाय ती."

"समुद्र घरची गोष्ट?"

तू मांडवाच्या बांबूला हात टेकलास. "तुजा नवरा खाटेवर होता तवा ती बेन रोज इचारायची, कैसे हैं भाई. तू काय सांगायचीस?"

मी पायाची वाळू झटकायला लागले.

"अच्छे हैं, सांगायचीस. दागतर यायच्या आधी त्याचा अंग पुसायचीस, केस इंचरायचीस, चादर बदलायचीस. थुंकीचा वाडगा धुवून पालथा घालायचीस. मी बोलले तुला काय?"

"ते माणसाचं होतं."

"आन् ह्यो?" तू मागे पाण्याकडे हात केलास. मग पदर खोचलास आणि बोंबील उलटे करायला लागलीस.

उत्तर मला सुचलं ते बसमध्ये, भाईंदर आल्यावर, आणि तेव्हापासून ते माझ्याजवळ तयार आहे. वाडगा धुतल्याबद्दल डॉक्टर मला काय म्हणाले होते ते तुला माहीत होतं, आये. तू तिथंच दारात उभी होतीस. ते म्हणाले होते, "बाई, मी तेच बघायला आलो होतो." तेवढं अर्धं तू सोयीनं गाळलंस. मी काही ह्यांचा वाडगा धुतला म्हणून हे गेले नाहीत. ते जाणारच होते. पण पुढच्या वेळेपासून मी वाडगा ठेवायला लागले की नाही? तर मग!

बाटल्या बंद झाल्या. मुलीची बदली झाली. तक्रार कुठल्या कपाटात गेली कोणास ठाऊक. तू नव्वदच्या दशकाचा शेवट पाहिला नाहीस. तुझ्या छातीवर हात जुळवून ठेवले तेव्हासुद्धा तळपायाच्या रेघांत डांबर होतं, आणि तुझ्या वहिनीनं ते तेल लावून काढलं. तू ह्याही वेळी पाहुण्यांना दिसू दिलं नाहीस.

त्यानंतर मी किती वाचलं, तुला सांगून उपयोग नाही, पण सांगते. आकाशात उपग्रह सोडलेत, ते समुद्र बघतात, आणि इतका खर्च करून त्यांनाही दिसतं ते बरंचसं वरचंच. त्यावरून ते सांगतात कुठलं पाणी तापलंय, कुठं हिरवं झालंय, कुठं तेल आहे. तेल पडलं की बारीक लाटा दबतात आणि पाणी गुळगुळीत दिसतं. म्हणजे तुझी ती साय सगळीच साय नव्हती. दूध तापलं की भांड्यात वर चढतं तसं समुद्राचंही आहे. नुसतं तापूनसुद्धा पाणी फुगतं आणि किनाऱ्यावर जास्त आत येतं. आणि हे वाचून तर मी कपाळाला हात लावला, पापलेटासारख्या कितीतरी माशांची अंडी पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात. तू हातानं लोटून, फुंकर मारून जे घालवत होतीस त्यात ती होती. होती की नव्हती, हेच त्या बाटल्यांवरून कळलं असतं. बदल झाला म्हणायचं तर आधीचं कायतरी जवळ लागतं. इतर गावांचं आहे. आपल्या धक्क्याचं त्या वर्षांचं पाणी कुठंच नाही. जे होतं ते तुझ्या तोंडात होतं, माझ्या मोरीत सांडलं आणि वाहून गेलं.

गेल्या महिन्यात ती मुलगी आली. मुलगी कसली, निवृत्त व्हायला आलेली मॅडम, गुडघे धरून जिना चढली. गावात विचारत विचारत मला शोधलं तिनं. म्हणाली, ज्या वर्षांचं काही मोजलेलं नाही, तिथं आता आम्ही जुन्या माणसांना विचारतो, त्यांनी काय बघितलं, काय ऐकलं. पुरावा म्हणून नाही, आठवण म्हणून लिहून ठेवतो. तुमच्या आई घरी काय बोलायच्या?

मी सगळं सांगितलं, आये. डांबर पायाला कुठल्या महिन्यात लागायचं, फेस कसा फुटायचा नाही, मोराच्या पिसासारखे रंग, बोंबील कधी उशिरा यायला लागला, सगळं. तुझ्याच शब्दांत सांगितलं, तुझ्यासारखं बोलून दाखवलं. ती लिहीत होती आणि मी बोलत होते, चहा गार झाला. मधेच तिनं विचारलं, "मग त्या दिवशी हॉलमध्ये का नाही बोलल्या?" मी म्हटलं, "तुम्ही पाहुण्या होतात." तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "खरं सांगू? इतर गावांच्या बाटल्या हातात घ्यायला नको वाटायचं. तुमच्या गावची बाटली बघून मला बरं वाटायचं. मलाच शंका यायला हवी होती."

मृतांच्या दिवशी कबरीवर मेणबत्त्या लावायला येईन तेव्हा हे कागद दगडाखाली ठेवावेत, असं मनात होतं. आता नाही ठेवणार. मी घरचं बाहेर सांगितलं हे तुला कळलं तर तू मला वर सुखानं येऊ द्यायची नाहीस. मी बरोबर केलं आणि तू चूक होतीस, ह्यात मला काडीचाही संशय नाही. तरी ठेवणार नाही.

आणि एक तिला सांगितलं नाही. सभेनंतरच्या उन्हाळ्यात तू सिल्व्हर पार्कला आलीस. भांडणानंतर पहिल्यांदाच. टोपलीत एकच पापलेट, तळहाताहून मोठं, कितीतरी दिवसांत तसं मिळालं नव्हतं. तू मला ओट्याजवळ येऊ दिलं नाहीस. स्वतः धुतलंस, परत धुतलंस, लिंबू लावलंस, मीठ लावलंस, चिंच नेहमीपेक्षा जास्त घातलीस. मला वाटलं, समेट करायचाय म्हणून एवढं चाललंय. पहिला घास घेतला आणि रॉकेलचा वास आला. माशाच्या आतून येत होता, धुऊन जाणारा नव्हता. मी वर बघितलं. तू समोर बसली होतीस, स्वतःच्या ताटाला हात न लावता.

"बरा झालाय?" तू विचारलंस.

"चांगला झालाय," मी म्हटलं, आणि आणखी कालवण वाढून घेतलं. मग तूही जेवलीस.

मॅडमनं जाताना दारात विचारलं होतं, त्या वर्षांत माशाला कधी तेलाचा वास यायचा का? मी म्हटलं, नाही.